पांढरा तांदूळ आणि मगनवाडी

माझ्या बाळपणीं आमच्या घरीं पहाटे जात्याची घरघर ऐकूं येई. आमचा वर्धा जिल्हा ज्वारीचा, भात सणावारीं. तो थोडा तांदूळहि आई उखळांत सडून घेई. गांवांत गिरणी आली तेव्हां तिच्या हातांचे श्रम वांचले, आणि त्याबद्दल गिरणीचे उपकारच मानले पाहिजेत. परंतु श्रमांबरोबर ताटांतून आणखी कांहीं गेलें काय, हा प्रश्न आमच्या वर्धा शहरांत पूर्वीं मोठ्या कळकळीनें विचारला गेला होता. त्याचा इतिहास आज निवेदन करावयाचा आहे.

१९३४ च्या डिसेंबरांत वर्धा येथें अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. श्रीकृष्णदास जाजू अध्यक्ष आणि जे. सी. कुमारप्पा चिटणीस होते. जमनालाल बजाज यांनीं आपली बाग संघास दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचें नांव मगनवाडी पडलें. संघाच्या सल्लागारांत रवींद्रनाथ ठाकूर, जगदीशचंद्र बसु, रामन यांच्याबरोबर सर रॉबर्ट मॅक्कॅरिसन हे एक लष्करी डॉक्टरहि होते. खेड्यांतील धंद्यांच्या संघास डॉक्टराची गरज कां भासली?

त्याचें उत्तर तांदळाच्या कोंड्यांत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावा बेटांत बेरीबेरीनें माणसांचे पाय लुळे पडत. डच वैद्य आइकमन यांना आढळलें कीं, पांढरा सडीक तांदूळ खाणाऱ्या कोंबड्याहि तशाच लुळ्या होतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला म्हणजे बऱ्या होतात. त्यांचा प्रथम ग्रह असा झाला कीं, तांदळांत कांहीं विष असावें व कोंड्यांत त्याचा उतारा असावा. १९०१ सालीं त्यांचे सहकारी ग्रेन्स यांनीं निराळा अर्थ लाविला : येथें विष नाहीं, उणीव आहे, शरीरास अवश्य असें कांहीं द्रव्य कोंड्याबरोबर फेंकलें जातें. तेंच पुढें थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, ठरलें. आइकमन यांना १९२९ सालीं नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. विष पोटांत गेल्यानें रोग होतो हें जगास ठाऊक होतें. एखादी वस्तु पोटांत न गेल्यानेंहि तो होतो, हें नवें ज्ञान होय.

मॅक्कॅरिसन यांनीं नीलगिरीवरील कुन्नूर येथें हाच विषय पुढें नेला. निरनिराळ्या प्रांतांचे आहार त्यांनीं उंदरांच्या निरनिराळ्या गटांस दिले. शीख आहारावरील उंदरांचें सरासरी वजन २३५ ग्रॅम भरलें, मराठा आहारावरील २२५, आणि पांढऱ्या भातावर भर असलेल्या मद्रासी आहारावरील अवघें १५५. येथें एक सावधगिरी हवी. या आहारांत दूध व भाज्या यांचेंहि प्रमाण सारखें नव्हतें, म्हणून सारा दोष एकट्या तांदळावर घालतां येत नाहीं. शिवाय उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे.

गांधीजींनीं १९३४ पासून ‘हरिजन’ पत्रांत सडीक व असडीक तांदळाचा प्रश्न मांडला, डॉक्टरांचीं मतें मागविलीं, आणि मगनवाडींत हातसडीचा तांदूळ, घरचें पीठ, गूळ, कडुनिंबाचा पाला यांचा पुरस्कार केला. १९३५ सालीं तेथें सोयाबीनचाहि प्रयोग झाला. तेथील मंडळी थोडी आणि स्वेच्छेनें जमलेली. कुन्नूरप्रमाणें तुलनेसाठीं वेगळे गट तेथें नव्हते. म्हणून त्या अनुभवास सिद्धान्ताची योग्यता देतां येणार नाहीं. परंतु एक गुण मला शिक्षक या नात्यानें फार मोलाचा वाटतो. १९२९ सालीं गांधीजींनीं कच्च्या अन्नाचा प्रयोग स्वतःवर केला, त्यांना आमांश झाला, आणि तो प्रयोग सोडावा लागल्याचें त्यांनीं जाहीरपणें सांगितलें. आहाराविषयीं छातीठोक बोलणारे पुष्कळ भेटतात. आपली चूक छापून देणारा विरळा.

मग गिरणीचा तांदूळच घरोघर कां राहिला? कोंड्यांत तेल असतें, त्यामुळें असडीक तांदळास लवकर खवट वास येतो. व्यापाऱ्यास तो सांठवितां येत नाहीं. कोंकणांतील उकड्या तांदळानें मात्र एक मधला मार्ग दाखविला आहे : भात उकडतांना ब-१ सत्त्वाचा कांहीं भाग दाण्याच्या आंत शिरतो व सडल्यावरहि राहतो.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ सालीं हैदराबादेस गेली; तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. वर्ध्याचें मगन संग्रहालय १९३८ पासून उभें आहे. बेरीबेरी आतां क्वचित् दिसते, परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनें भारतांत सुमारें १० कोटी १० लक्ष मधुमेही असल्याचा अंदाज दिला. त्याचीं कारणें अनेक आहेत. कोंडा काढलेल्या धान्याचा अतिरेक हें त्यांतील एक मानलें जातें. सुशिक्षित गृहिणी आज अन्नांत भेसळ काय आहे हें दक्षतेनें पाहते. त्याच दक्षतेनें अन्नांतून काढून काय घेतलें आहे हेंहि तिनें व घरांतील पुरुषांनीं विचारावें, एवढीच एका वृद्ध मास्तराची विनंती आहे.