एका न उगवलेल्या दिवसाची कथा

इतिहासाची साधने म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे ताम्रपट, बखरी आणि मोडी कागदांचे रुमाल उभे राहतात. कागदाला वाळवी लागली, तर पोखरलेली जागा निदान दिसते. मोडी वाचता आली नाही, तर आपल्याला ती येत नाही एवढे तरी कळते. गेल्या चार दशकांत मात्र जगाने आपला हिशेब एका निराळ्याच वहीत मांडला आहे. ती वही म्हणजे संगणकावरचे कोष्टक, अर्थात स्प्रेडशीट. तिचे जुने पान नव्या प्रोग्रॅममध्ये आणि नवे पान जुन्यात नेले म्हणजे काय होते, याचा इतिहास मला कादंबरीकार म्हणूनही मोठा विलक्षण वाटतो.

या वहीचा जन्म १९७९ चा. अमेरिकेत डॅन ब्रिक्लिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी ‘अ‍ॅपल टू’ या संगणकासाठी ‘व्हिजिकॅल्क’ नावाचा प्रोग्रॅम तयार केला. एक आकडा बदलला, की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलत. रबर घेऊन बेरजा खोडीत बसणाऱ्या कारकुनाला याहून मोठे सुख कोणते? पुढे १९८३ च्या जानेवारीत मिच केपॉर यांच्या कंपनीचे ‘लोटस वन-टू-थ्री’ आले, आणि आयबीएमच्या संगणकावर काही वर्षे त्याचेच राज्य झाले.

लोटसने तारखा अंकांत मांडल्या. १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस, त्यानंतरचा दुसरा, असे मोजीत जावयाचे. दोन तारखांमधले अंतर काढावयाचे, तर नुसती वजाबाकी. युक्ती नामी होती. परंतु तीत एक खोट राहिली. चाराने भाग जाणारे साल लीप, आणि शतकाच्या सालाला मात्र चारशेने भाग गेला पाहिजे, हे आम्ही मास्तर मंडळी वर्गात घोकून घेतो. त्या हिशेबाने २००० साल लीप होते, १९०० नव्हते. लोटसने ते लीप धरले, आणि साठावा दिवस म्हणून २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख देऊन टाकली. आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, वृद्धीही होते. पण त्यामागे सूर्यचंद्रांची गती असते. हा दिवस मात्र कोठल्याच आकाशात उगवला नव्हता.

मायक्रोसॉफ्टचे एक्सेल १९८५ साली मॅकिंटॉशवर आणि १९८७ साली विंडोजवर आले. लोकांची कोष्टके तोवर लोटसमध्ये होती. त्यांच्याशी ज्याचे जमत नाही, असा प्रोग्रॅम कोण घेणार? म्हणून एक्सेलनेही तो साठावा दिवस जाणूनबुजून स्वीकारला. आता तो काढावा, तर त्यानंतरची जवळजवळ प्रत्येक तारीख एका दिवसाने सरकणार! पुढे २००७ च्या एक्सेलने लोटसच्या जुन्या फाइली उघडणेच सोडून दिले. २०१३ साली आयबीएमने लोटस वन-टू-थ्रीची विक्रीही थांबवली. ज्या पाहुण्यासाठी तो दिवस घरात घेतला, तो पाहुणा गेला, दिवस राहिला. आजही एक्सेलला १ जानेवारी १९०० चा वार विचारा. ते रविवार सांगते. होता तो सोमवार.

मॅकिंटॉशवरच्या जुन्या एक्सेलची मोजणी आणखी निराळी होती, १ जानेवारी १९०४ पासूनची. या दोन मोजण्यांत १४६२ दिवसांचा फरक आहे, आणि त्या १४६२ मध्येही तो न उगवलेला दिवस हिशेबात धरलेला आहे. एका पद्धतीच्या कोष्टकातील तारखा तशाच दुसऱ्यात उतरविल्या, तर त्या चार वर्षे आणि एक दिवस सरकू शकतात. शाळेच्या जनरल रजिस्टरातील जन्मतारीख माणसाच्या मागे थेट निवृत्तीपर्यंत चालत जाते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या सरकण्याची धास्ती वाटावी. रजिस्टरात नोंद बदलली, तर खाडाखोड दिसते, शेजारी मुख्याध्यापकांची सही लागते. येथे खाडाखोड नाही आणि सहीही नाही.

आता याच्या उलट प्रकार पाहा. २००३ पर्यंतच्या एक्सेलच्या एका पानावर ६५,५३६ ओळी आणि २५६ रकाने मावत. २००७ साली नवा ‘एक्सएलएसएक्स’ हा प्रकार आला, आणि ओळी १०,४८,५७६ व रकाने १६,३८४ झाले. मोठ्या पानावरचा मजकूर जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारात ठेवला, तर मर्यादेबाहेरचा भाग गळून पडतो. माणूस समोर बसला असेल, तर प्रोग्रॅम त्याला ताकीद देतो. काम यंत्रामागून यंत्रे परस्पर करीत असली, तर ती ताकीद वाचावयाची कोणी?

२०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये हेच घडले. कोरोनाची साथ ऐन भरात होती. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती ‘पब्लिक हेल्थ इंग्लंड’ ही तेव्हाची सरकारी संस्था जुन्या एक्सएलएस कोष्टकांत भरीत होती. एकेका रुग्णाला अनेक ओळी लागत. त्यामुळे एका कोष्टकात चौदाशेच्या आसपासच रुग्ण मावत. पान भरले, आणि उरलेले रुग्ण बाहेर राहिले. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ रुग्ण रोजच्या सरकारी आकड्यांत आलेच नाहीत. त्यांना स्वतःचा निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेणाऱ्यांकडे त्यांची नावे वेळेवर पोचली नाहीत. ती सहवासातली माणसे त्या दिवसांत कामावर गेली असतील, म्हाताऱ्या आईबापांना भेटली असतील.

एकीकडे न उगवलेला दिवस वहीत कायम राहिला, आणि दुसरीकडे हाडामांसाची माणसे वहीतून गळली. दोन्ही वेळी फाइल बिनतक्रार उघडली, हेच मला अधिक भयंकर वाटते. उघडत नाही त्या फाइलीपायी आपण धावपळ तरी करतो. उघडते तिच्यावर विश्वास टाकून मोकळे होतो. म्हणून कार्यालयात वा शाळेत जे कोणी जुनी कोष्टके नव्या प्रोग्रॅममध्ये, अगर नवी जुन्यात नेत असतील, त्यांना माझे एवढेच सांगणे, की फाइल उघडली म्हणून समाधान मानू नका. अगोदरच्या आणि नंतरच्या ओळी मोजा, शेवटची ओळ जागेवर आहे का ते पाहा, आणि ज्यांचे जन्मदिवस तुम्हांला तोंडपाठ आहेत अशा चार माणसांच्या तारखा ताडून घ्या.