कलम रुजविणारा शल्यविशारद : सर रॉय काल्न

इतिहास हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर गडकोट, लढाया आणि राजदरबार उभे राहतात. परंतु मानवाने मृत्यूशी दिलेल्या झुंजीलाही इतिहास आहे, आणि त्याची रणांगणे म्हणजे प्रयोगशाळा व रुग्णालये होत. मूत्रपिंड-प्रत्यारोपण हा त्या इतिहासातील एक विलक्षण अध्याय. त्यातील एका धुरंधराची ओळख सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रॉय काल्न यांचा जन्म १९३० साली इंग्लंडमध्ये झाला. १९५० च्या सुमारास ते लंडनच्या गाइज रुग्णालयात वैद्यकाचे विद्यार्थी होते. तेथे जवळजवळ त्यांच्याच वयाचा एक तरुण रुग्ण त्यांच्याकडे सोपविण्यात आला. त्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती. वरिष्ठ डॉक्टरांनी सांगितले, हा दोन आठवड्यांत जाईल, तोवर त्याला त्रास होणार नाही असे पाहा. काल्न यांना बागकामाची आवड होती. गुलाबाचे कलम होते, मग मूत्रपिंडाचे का होऊ नये, असा प्रश्न त्यांनी विचारला. ‘ते होत नाही,’ एवढेच उत्तर मिळाले. का होत नाही, हे मात्र कोणी सांगितले नाही. तो तरुण गेला. प्रश्न मागे राहिला.

तसे पाहता उत्तर देणाऱ्यांचेही चुकले नव्हते. रक्तवाहिन्या जोडण्याची कला विसाव्या शतकाच्या आरंभीच साधली होती. जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी १९४३ साली कृत्रिम मूत्रपिंड तयार करून रुग्णाचे रक्त यंत्राने शुद्ध करण्याचा मार्गही दाखविला होता. अडसर वेगळाच होता. आपले शरीर परक्या पेशी ओळखते आणि त्यांचा नाश करते. जंतूंपासून आपले रक्षण करणारी हीच शक्ती परक्या मूत्रपिंडावर शत्रू समजून तुटून पडते. पीटर मेडावार यांनी महायुद्धात भाजलेल्या सैनिकांच्या त्वचारोपणाच्या निमित्ताने या नियमाचा शोध घेतला. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टन येथे जोझेफ मरे यांनी पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण केले खरे, पण दाता व रुग्ण हे एकबीज जुळे भाऊ होते, म्हणून शरीराला परकेपणा जाणवला नाही. ज्यांना जुळे भावंड नाही त्यांचे काय, हा प्रश्न उरलाच.

पूर्वेकडील लष्करी वैद्यकीय सेवा आटोपून काल्न ऑक्सफर्ड येथे आले असता त्यांनी मेडावार यांचे व्याख्यान ऐकले. अखेरीस एका विद्यार्थ्याने विचारले, या संशोधनाचा रुग्णांना काही उपयोग होईल काय? मेडावार उत्तरले, मुळीच नाही. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाचे ते उत्तर ऐकूनही काल्न नाउमेद झाले नाहीत.

त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. क्ष-किरणांनी प्रतिकारशक्ती क्षीण करण्याचा उपाय फसला. इतक्यात १९५९ साली श्वार्ट्झ आणि डॅमेशेक या अमेरिकन संशोधकांनी रक्ताच्या कर्करोगावरील ६-मर्कॅप्टोप्युरीन हे औषध सशांमधील प्रतिकारक्रिया थोपविते असे दाखविले. एका सहकाऱ्याने तिकडे लक्ष वेधताच काल्न यांनी ते औषध वापरून पाहिले आणि परक्या मूत्रपिंडाचे आयुष्य वाढल्याचे त्यांना आढळले. १९६० साली ते मरे यांच्याकडे बॉस्टनला गेले. वाटेत न्यूयॉर्कजवळ जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेला भेट देऊन त्यांनी नवी संयुगे मिळविली. त्यांपैकीच एक ॲझाथायोप्रीन. लॉलिपॉप नावाची एक कुत्री या औषधावर परके मूत्रपिंड घेऊन सहा महिने जगली, आणि विद्वानांच्या सभेत शेपटी हलवीत फिरली! १९६२ साली मरे यांनी त्याच औषधाच्या आधारे मृत व्यक्तीचे मूत्रपिंड बसविले, आणि तो रुग्ण वर्षाहून अधिक काळ जगला.

१९६५ साली काल्न केंब्रिज येथे शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९९८ पर्यंत त्या पदावर राहिले. १९६८ च्या मे महिन्यात त्यांनी युरोपातील पहिले यकृतारोपण केले. सहकाऱ्यांचा विरोध होता. सुदैवाने त्या वेळी तेथे आलेले बॉस्टनचे ज्येष्ठ शल्यविशारद फ्रान्सिस मूर त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

त्यांच्या कार्याचा कळस मात्र सायक्लोस्पोरिन या औषधाच्या निमित्ताने झाला. नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून मिळालेल्या या द्रव्याचा प्रतिकारशक्तीवरील परिणाम बाझल येथील सँडोझ कंपनीत झाँ बोरेल यांनी अभ्यासिला होता. काल्न यांचे सहकारी डेव्हिड व्हाइट यांनी ते मागविले. द्रव्य पाण्यात विरघळेना. केंब्रिजमध्ये काम करणाऱ्या एका ग्रीक डॉक्टरने ते ऑलिव्हच्या तेलात विरघळविले. प्राण्यांमधील फळ अपूर्व होते. या औषधाला फारसे गिऱ्हाईक मिळणार नाही, या समजुतीने कंपनी ते पुढे नेण्यास नाखूष होती. तेव्हा काल्न व व्हाइट यांनी बाझलला जाऊन तिचे मन वळविले.

१९७८ साली रुग्णांवर प्रयोग सुरू झाले आणि लगेच कटू अनुभव आला. मूत्रपिंड वाचविण्यासाठी दिलेले औषधच, मात्रा अधिक झाल्याने, मूत्रपिंडाला अपाय करू लागले. काहींना लसीकाग्रंथींचा कर्करोग झाला. काल्न यांनी हे दोष दडविले नाहीत. ते प्रसिद्ध केले आणि मात्रा घटविली. यथावकाश, वर्षाअखेर कार्य करीत राहणाऱ्या मूत्रपिंडांचे प्रमाण सुमारे ५० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर गेले. प्रत्यारोपण हा धाडसी प्रयोग न राहता नित्याचा उपचार झाला.

हा मनुष्य चित्रकारही होता. १९८८ साली त्यांनी यकृतारोपण केलेला स्कॉटिश चित्रकार जॉन बेलानी त्यांचा मित्र व गुरू बनला. काल्न आपल्या रुग्णांची चित्रे काढीत. ज्यांच्या देहावर शस्त्र चालविले त्यांचे चेहरे असे निरखणारा शल्यविशारद विरळाच. २०१२ साली टॉमस स्टार्झल यांच्यासमवेत त्यांना लास्कर पुरस्कार लाभला. ६ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, ते निवर्तले.

या इतिहासाचा एक धागा आपल्याही देशात येतो. भारतातील मूत्रपिंडारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात झाला, निकटच्या आप्ताच्या मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी आरोपण १९७१ साली वेल्लोर येथे झाले. परंतु शास्त्राच्या यशामागोमाग गरिबांच्या मूत्रपिंडांचा बाजारही येथे भरला. त्याला आळा घालणारा कायदा १९९४ साली संसदेने केला, आणि तो प्रथम ज्या राज्यांस लागू झाला त्यांत महाराष्ट्र व गोवा होते. तरीही मृत्यूनंतर अवयवदान करणारे आपल्याकडे थोडेच; जिवंत दात्यांवरच बहुतेक भार पडतो, आणि त्या दात्यांत माता व पत्नी यांचीच संख्या मोठी असते. कायद्याने आणि औषधाने जे साधत नाही, ते घराघरांतील विचारानेच साधावे लागेल. आपल्या माघारी आपल्या देहाचे काय व्हावे, हे घरातील माणसांशी आधीच बोलून ठेवणे हे त्यातील पहिले पाऊल होय.

आंब्याचे कलम कोकणात घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्या झाडावर ते रुजण्यासाठी फांदीइतकीच खोडाचीही साथ लागते, आणि तोवर माळ्याला धीर धरावा लागतो. मायभूमीपासून दूर येऊन परक्या मातीत मूळ धरलेल्या आपणा कुटुंबांना हे वेगळे सांगावयास नको. ‘ते होत नाही’ या तीन शब्दांपुढे मान न तुकविता काल्न यांनी तोच धीर उभ्या आयुष्यभर धरला. त्या दोन आठवड्यांच्या सोबत्याला ते वाचवू शकले नाहीत. त्याच्यामागून आलेल्या असंख्यांना मात्र त्यांच्या परिश्रमाने आयुष्य लाभले.