मंगफ आणि कफाला

कुवेतच्या दक्षिण किनाऱ्यावरील, अहमदी प्रांतातील मंगफ या वस्तीत १२ जून २०२४ रोजी पहाटे कामगारांच्या इमारतीला आग लागली, तळमजल्यावरून वर चढलेल्या धुराने झोपेतल्या माणसांना गाठले आणि सुमारे ५० जण, त्यांतील बहुतेक भारतीय, मरण पावले. खोल्यांमधली आडभिंत पटकन पेटणाऱ्या साहित्याची होती आणि गच्चीचे दार कुलूपबंद होते. सरकारने घरमालकांच्या लोभाला दोष दिला. तो लोभ खरा असला, तरी एवढी माणसे एकाच छपराखाली कोंबणारी व्यवस्था कायद्यानेच घडवली होती.

त्या व्यवस्थेला कफाला म्हणतात: परदेशी कामगाराचा राहण्याचा परवाना एका जामीनदाराशी, म्हणजे बहुधा मालकाशीच, बांधलेला असतो. मुंबईशी मोत्यांचा व्यापार करणाऱ्या आणि १९६१ पर्यंत रुपयाच वापरणाऱ्या कुवेत या बंदराने तेलाच्या पैशावर नागरिकांसाठी उदार कल्याणराज्य उभारले, मात्र १९५९ च्या नागरिकत्व व निवास कायद्यांनी ते बांधणाऱ्या परक्या हातांना कायमचे पाहुणे ठरवले. तुटपुंज्या पगाराच्या कामगाराला कुटुंब आणण्याची मुभा पगाराच्या अटीने नाकारली, म्हणून त्याच्या वाट्याला मालकाने दिलेली खाटच आली.

आगीनंतर तपासण्या झाल्या, अटका झाल्या. पण १ जुलै २०२५ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कामगाराला देशाबाहेर जाण्यासाठीही मालकाची संमती सक्तीची झाली.