यमुनेचा उतार

इतिहास माणूस घडवितो हे खरे. पण ज्या भूमीवर तो घडतो तिच्या अटी त्याला टाळता येत नाहीत. दिल्ली हे याचे ठळक उदाहरण होय. एका बाजूस अरवलीची शेवटची रांग, दुसऱ्या बाजूस यमुना, आणि उत्तरेस हिमालय व थरचे वाळवंट यांच्यामधली सपाट, सुपीक वाट. पंजाब ओलांडून गंगेच्या खोऱ्यात शिरू पाहणाऱ्या सैन्यांचा हाच राजमार्ग होता. १५२६, १५५६ आणि १७६१ या तिन्ही निर्णायक लढाया पानिपतावरच झाल्या, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

सह्याद्रीत मराठ्यांच्या युद्धपद्धतीला घाटांचे व किल्ल्यांचे पाठबळ होते. येथे आधार होता तो केवळ नदीचा. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा यमुना दुथडी भरून वाहत होती आणि अहमदशहा अब्दाली पलीकडे अंतर्वेदीत अडकून पडला होता. पुढे भाऊ उत्तरेस गेले व ऑक्टोबरात त्यांनी कुंजपुरा जिंकला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन ठाकला. रसदेची वाट तुटली. १४ जानेवारी १७६१ चा अनर्थ त्यानंतरचा. तरीही दोष नदीचा म्हणता येणार नाही. ती दोघांनाही सारखीच आडवी होती. उतरण्याचे धाडस एकाने केले आणि दुसऱ्याने त्याला वेळीच अडविले नाही.

महादजी शिंद्यांनी १७८४ नंतर दिल्लीच्या राजकारणात मराठ्यांचे वर्चस्व पुन्हा प्रस्थापित केले. परंतु आता धोक्याची दिशाच पालटली होती. समुद्रमार्गे येऊन बंगालमध्ये रुजलेली इंग्रजांची सत्ता गंगेच्या खोऱ्यातून वर सरकत होती. ४ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने अलीगड घेतले आणि ११ सप्टेंबरला यमुनेच्या पूर्वतीरावर, पटपडगंजजवळ, शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. या वेळी नदी त्या फौजेच्या पाठीशी होती. पण पाठीशी असणे म्हणजे पाठीराखी असणे नव्हे. तिने माघारीची वाट तेवढी अडविली.

पर्वत, वाळवंट व नदी ही तिन्ही जागच्या जागीच होती. बदलले होते ते सत्तेचे मार्ग. जहाजांनी दिल्लीचे द्वार वायव्येकडून पूर्वेस नेले. पानिपत, बागपत आणि पटपडगंज आज एकाच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतात. एका दिवसाच्या प्रवासात पाहून होणाऱ्या या तीन ठिकाणी मराठ्यांच्या उत्तरेतील साम्राज्यस्वप्नाचा निकाल लागला.