हेन डोमेन : मातीच्या एका गढीची साक्ष

वेल्स देशाच्या पूर्व सीमेवर, मंटगमरी गांवाच्या वायव्येस सुमारें एक मैलावर, सेव्हर्न नदीच्या एका प्राचीन उतारानजीक मातीचें एक टेकाड उभें आहे. वेल्श भाषेंत त्यास हेन डोमेन, म्हणजे 'जुनें टेकाड', असें म्हणतात. टेकाडाची उंची सुमारें ८ मीटर; त्याच्या पूर्वेस एक आवार; आणि भोंवतीं दुहेरी तट व खंदक. चिरेबंदी भिंत, बुरूज अथवा शिलालेख यांपैकीं येथें कांहींहि दृष्टीस पडत नाहीं. तथापि ज्या जातीच्या अवशेषांवरून इंग्लंडांतील इतिहासज्ञांत एक मोठा वाद माजला, त्यांपैकीं हें एक प्रमुख स्थळ असल्यामुळें त्याचा परिचय वाचकांस करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करूं. अशा टेकाडास 'मॉट' व त्यालगतच्या आवारास 'बेली' म्हणतात. टेकाडावर लांकडी मनोरा, आवारांत शिबंदीचीं घरें, पागा व कोठारें, आणि दोहोंस जोडणारा पूल, अशी ही रचना होय. मॉट हा शब्द मूळ फ्रेंच. त्याचा अर्थ मातीचा उंचवटा. मौज अशी कीं, त्याच शब्दापासून निघालेल्या इंग्रजी 'मोट' शब्दाचा अर्थ मात्र खंदक असा रूढ झाला आहे. उंचवट्याचा वाचक शब्द खळग्याचा वाचक व्हावा, याचें नवल बांधकामाची रीत पाहिली म्हणजे बरेंच कमी होतें. खंदकांतून निघालेली मातीच टेकाडावर चढे. दोन्ही एकाच कुदळीचीं कामें होत. कौटिल्यानेंहि परिखेंतून काढलेल्या मातीचाच वप्र करावा व ती माती हत्ती आणि बैल यांच्याकडून तुडवून घ्यावी, असें सांगितलें आहे.

आतां वादाकडे वळूं. जी. टी. क्लार्क यांनीं १८८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत हीं टेकाडें नॉर्मनांपूर्वींच्या सॅक्सन लोकांचीं ठरविलीं. अँग्लो-सॅक्सन बखरींत जे 'बुर्ह' बांधल्याचे उल्लेख येतात, ते म्हणजे हींच स्थळें, असा त्यांचा पक्ष होता. हा पक्ष खरा मानल्यास हीं टेकाडें देशजांनीं स्वसंरक्षणार्थ उभारलेलीं ठरतात. खोटा मानल्यास जेत्यांनीं प्रजेच्या उरावर बसविलेलीं ठाणीं ठरतात. एला आर्मिटेज या विदुषींनीं १९१२ मध्यें क्लार्कमताचें सविस्तर खंडन केलें. बुर्ह म्हणजे सर्व रहिवाशांच्या आश्रयासाठीं तटबंदी केलेलें नगर; मॉट म्हणजे एका सरदाराचा व त्याच्या मूठभर लोकांचा आसरा. हे दोन पदार्थ एक होऊं शकत नाहींत. बायोच्या प्रसिद्ध भरतकामांतहि १०६६ सालच्या स्वारीच्या प्रसंगीं हेस्टिंग्ज येथें मजूर असेंच टेकाड रचीत असल्याचें चित्र आहे. शिवाय १०८६ च्या डूम्सडे जमाबंदींत लिंकन शहरीं किल्ल्यापायीं १६६ घरें गेल्याची नोंद आहे. शहर आधीं वसलेलें व किल्ला मागून आला, हें यावरून उघड होतें.

हेन डोमेनसंबंधीं त्याच जमाबंदींत असें नमूद आहे कीं, अर्ल रॉजर यानें मंटगमरी नांवाचा किल्ला बांधला. हें नांव त्याच्या नॉर्मंडींतील मूळ ठिकाणाचें. पूर्वीं एडवर्ड राजाच्या काळीं ही भूमि तीन सॅक्सन सरदारांकडे शिकारीसाठीं होती, असेंहि त्यांत म्हटलें आहे. आतां मातीची साक्ष पाहा. १९६० पासून १९९२ पर्यंत फिलिप बार्कर व पुढें त्यांच्यासह रॉबर्ट हायम यांनीं येथें उत्खनन केलें. तेव्हां किल्ल्याच्या खालीं जुन्या नांगरटीचे सरी-वरंबे सांपडले. म्हणजे शेत, मग ओसाड रान, मग शिकारीची जागा, आणि शेवटीं किल्ला, असा क्रम लागतो. पहिली पायरी जमाबंदींत नाहीं व तिसरी मातींत दिसत नाहीं. दोहोंचा मेळ घातला तरच कथा पुरी होते.

येथील कांहीं लांकडी इमारतींच्या तुळया जमिनीवर नुसत्या टेकविलेल्या होत्या. त्यांच्या खुणा अत्यंत पुसट. अरुंद चर खणले असते तर त्या नकळत नष्ट झाल्या असत्या. म्हणून बार्कर यांनीं विस्तीर्ण जागा मोकळी करून थरामागून थर सावकाश खरवडला. आवारांत दाटीनें उभारलेल्या व वेळोवेळीं नव्यानें बांधलेल्या इमारतींचा माग त्यामुळें लागला. मौल्यवान वस्तु मात्र फारशा मिळाल्या नाहींत. सरहद्दीवरील शिबंदीचें जिणें खडतर होतें.

१०९५ सालीं वेल्श लोकांनीं हा किल्ला घेऊन आंतील माणसें कापून काढलीं. ११०२ च्या बंडानंतर रॉजरच्या वंशाकडून तो गेला व पहिल्या हेन्री राजानें तो बाल्डविन द बूलर्स यास दिला. वेल्श भाषेंत मंटगमरीस आजहि 'ट्रेवाल्डुइन', म्हणजे बाल्डविनचें गांव, म्हणतात. १२२३ सालीं तिसऱ्या हेन्रीनें जवळच्या खडकावर नवा दगडी किल्ला आरंभिला, आणि जुनें टेकाड दुय्यम झालें.

या स्थळापासून संग्राहकांनीं घ्यावयाचा बोध इतकाच. पोथी हरवल्यास तिची दुसरी नक्कल कोठें तरी मिळण्याची आशा असते. सपाट केलेल्या टेकाडाची नक्कल कोठेंहि नसते. उत्खननानेंहि थर एकदांच वाचतां येतो व वाचतां वाचतां तो नाहींसा होतो. हेन डोमेनच्या आवाराचा सुमारें अर्धाच भाग खणला गेला आहे. उरलेला अर्धा अद्याप न उघडलेल्या दप्तराप्रमाणें जाग्यावर आहे, व तो तसाच सुरक्षित राहो, अशी आमची इच्छा आहे.