सात हाली, सहा कलदार

आमच्या आजीकडे दोन जातीचे रुपये असायचे. चार मिनारांचा तो हाली आणि राजाच्या मुंडक्याचा तो कलदार. परांडा तालुक्यातलं आमचं गाव निजामाच्या मुलखात, तर ज्वारी विकायची पेठ बार्शी, म्हणजे इंग्रजांच्या. गाडी हद्दीपार गेली की हिशेब बदलायचा.

स्वतःच्या कागदी नोटा काढायची मुभा संस्थानांपैकी एकट्या हैदराबादला होती. १९१८पासून त्या निघाल्या. उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कानडीतही रक्कम छापलेली. आजोबांचा भरवसा मात्र चांदीवर. उर्दू शाळेत शिकल्यामुळे चारमिनाराच्या कमानीतलं अक्षर ते बोटानं दाखवत: 'ऐन', निजाम मीर उस्मान अली खानांच्या 'उस्मान'मधलं पहिलं.

सरकारी भाव होता शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. लोकांच्या तोंडी सात हालीला सहा कलदार. आपला रुपया हलका म्हणून आजीला कायम राग. पुढे मी दोन्ही नाण्यांची वजनं ताडून पाहिली. कलदारात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम, हालीत ९.१. भागून पाहा, जवळपास तोच भाव निघतो. म्हणजे दर चोख होता. नाडलं जायचं ते सराफाच्या बट्ट्यात, आणि बट्टा माणूस बघून ठरायचा.

डिसेंबर १९४७मध्ये निजाम सरकारनं भारतीय चलनावर बंदी घातली. "मग काय, कलदार कनवटीला खोचून आणायचो," आजी सांगे. पुढच्या सप्टेंबरात संस्थान विलीन झालं. १९५१मध्ये नवी हाली निघायची थांबली, १९५७ला आणे-पै जाऊन नवे पैसे आले, १९५९ला हाली कायद्यानंही बाद झाली. त्या पिढीची निम्मी हुशारी मोड मोजण्यातच गेली असावी!

हाली-कलदाराच्या या संधिकाळात एका सावकारानं सातशे हालीचं जुनं कर्ज सातशे भारतीय रुपयांत मागितलं. दस्तावर 'सिक्का हाली' स्पष्ट लिहिलेलं. आजोबांनी सहाशे मोजले आणि पावती मागितली.

"पाटील, शंभर राहिले की."

"ते हैदराबादेहून मागवून घ्या," आजोबा म्हणाले.