मीटरमधला दिवा

मोटरसायकलचा इतिहास सांगताना इंजिन, वेग आणि ॲव्हरेज यांवर भरभरून बोलले जाते. मीटरमधल्या इवल्याशा बल्बची दखल सहसा कुणी घेत नाही. आमच्या जालना जिल्ह्यात मात्र या बल्बला मोल आहे. शेतीपंपाची वीज वर्षानुवर्षे आळीपाळीने दिवसा आणि रात्री येत आली. त्यामुळे अंबड-घनसावंगीकडचा मोसंबीवाला ऐन मध्यरात्री मोटार सुरू करायला मळ्याकडे निघतो. रस्ता दाखवतो हेडलाइट. पण वेग किती, पेट्रोल किती, हे कळते ते मीटरच्या उजेडात.

१९८१ साली जिल्हा झाला, तेव्हा आमच्याकडे राजदूत आणि येझदीचा रुबाब होता. राजदूतचे मूळ पोलंडचे. येझदी ही १९६१ पासून म्हैसूरला बनू लागलेल्या जावाची वारसदार. त्या काळच्या बहुतेक गाड्या सहा व्होल्टच्या. तीन वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर अर्धा अँपिअर प्रवाह ओढतो, बारा व्होल्टवर पाव. म्हणजे त्याच गंजलेल्या जोडात सहा व्होल्टच्या गाडीचा दुप्पट दाब वाया जातो, तोही मुळातच निम्म्या दाबातून. शिवाय साध्या बल्बाचा दाब दहा टक्के घटला, की उजेड तीसेक टक्क्यांनी घटतो. ज्या गाड्यांचे दिवे थेट मॅग्नेटोवर चालत, त्यांची आणखी एक तऱ्हा होती. रेस दिली की मीटर उजळायचे, खड्ड्यापाशी गाडी हळू झाली की विझू-विझू व्हायचे!

१९८५ मध्ये शेजारच्या औरंगाबादजवळ (आजचे छत्रपती संभाजीनगर) वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. गावोगावी दुचाक्या वाढल्या. पुढे बारा व्होल्टची पद्धत रूढ झाली आणि मीटर जरा बरे दिसू लागले.

खरा पालट एलईडीने केला. तांबडा एलईडी १९६२ पासूनचा. पण झगझगीत निळा १९९३ मध्ये आला आणि त्यातूनच पांढऱ्या उजेडाची वाट खुली झाली. त्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चे नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळाले. आज तोच दिवा स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि जुन्या होल्डरमध्ये बसतोही.

मात्र एलईडीला उलट-सुलट कळते. पेटला नाही, तर काढून फिरवून बसवावा. थेट मॅग्नेटोच्या प्रवाहावर तो लुकलुकतो. डाव्या-उजव्या इंडिकेटरला मिळून मीटरमध्ये एकच बल्ब असेल, तर साधा एलईडी एकाच बाजूला पेटतो. दुसऱ्या बाजूला प्रवाह उलटा जातो.

आणि उजेड हवा म्हणून डोळे दिपवणारा दिवाही नको. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. नाकासमोर प्रखर पांढरा दिवा असला, तर मीटर लख्ख दिसेल. पण रस्त्यात बसलेले जनावर दिसणार नाही.

म्हणून मी गाववाल्यांना सांगत असतो, नवा बल्ब घेण्याआधी होल्डर पॉलिश पेपरने घासा, अर्थिंगची वायर तपासा. पुष्कळदा जुनाच दिवा उजळतो. नाहीच उजळला, तर मंद एलईडी घ्या. काटा वाचता आला आणि पुढचा रस्ताही दिसला, म्हणजे पुरे.